काटोलकडे संत्री तोडायला जाताय? गाडी डांबरावरच ठेवा

"गाडी थेट बागेत येते," असं बागवाल्याला फोनवर तीनदा विचारून घेतलं होतं. येते. ट्रॅक्टर येतो.

नागपूरहून काटोलपर्यंत साठेक किलोमीटर, रस्ता चांगला, सांगण्यासारखं काही नाही. गावाच्या पुढे मात्र डांबर सोडून पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, लागते. अंतर जेमतेम आठशे मीटर. आदल्या दिवशी शेजारच्या वावरात ओलीत झालेलं, म्हणजे पाणी दिलेलं; ते धुरा (बांध) फोडून पांदणीत उतरलेलं. वरून पापुद्रा वाळका, खाली काळ्या मातीचं लोणी. पन्नास पावलांत मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये माती इतकी ठासली की चाक फिरेना. पऱ्हाटीची (कपाशीची) काडी घेऊन कोरायचं, दहा फूट जायचं, पुन्हा कोरायचं. आठशे मीटरला पन्नास मिनिटं! मागून आलेला भाचा चपलेत होता. एक चप्पल अजून तिथंच असेल. पांदण दिसली की डांबराच्या कडेला गाडी लावा आणि चालत जा. बांधायचे बूट घाला. बागवाला काहीही म्हणो.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो, म्हणजे आंबिया बहार, उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचं फळ. मृगाचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरवातीच्या फुलोऱ्याचं फळ फेब्रुवारीनंतर येतं. बागेत शिरल्यावर मात्र राग उतरला, हे कबूल करतो. फांद्या ओझ्यानं वाकलेल्या, खाली बांबूचे टेकू. पहिलं फळ हिरवट होतं म्हणून सोडून देणार होतो. बागेतल्या काकांनी सोलून हातात ठेवलं. साखर! रंगावर जाऊ नका. रात्रीची थंडी पडली की रंग चढतो, गोडी त्याच्याआधीच आलेली असू शकते. हाताला जड लागेल ते घ्या. फुगलेलं आणि हलकं फळ आतून कोरडं निघतं. "घरी पिकेल" हा हिशेब इथं चालत नाही. संत्रं आंब्यासारखं पिकत नाही, झाडावर आंबट ते घरीही आंबटच.

मी पहिली पंधरा-वीस फळं ओढून तोडली. काका ओरडले, "ओढू नोका भाऊ, साल फाटते!" नागपुरी संत्र्याची साल सैल, ओढलं की देठापाशी भोक पडतं. सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) मागून घ्या आणि देठ फळाला लागून कापा. लांब राहिला तर पिशवीत दुसऱ्या फळाला टोचतो. माझी ओढलेली चौथ्या दिवशी बुरशीनं गेली, कापलेली अजून फळीवर आहेत. झाडाच्या बुंध्याशी जपून वाका. संत्र्याचं कलम जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधतात; कलमाच्या खालून त्या जंभेरीचे पाणसोट, म्हणजे सरळ वाढणारे फुटवे, फुटतात, त्यांचे काटे शर्टातून आत जातात.

आता पैशाचं. माणशी दीडशे प्रवेश, त्यात "पोटभर खा". ठीक, चारच संत्र्यांत पोट भरतं, पण ठीक. बांधून न्यायचा भाव सत्तर रुपये किलो. परत येताना त्याच रस्त्यावर ठेल्यावर चाळीस होता. वर वजन क्रेटसकट! काटा अठरा किलो म्हणाला, बाराशे साठ दिले. पुढे शंका आली म्हणून रिकामं क्रेट ठेवायला लावलं, दोन किलो. एकशे चाळीस रुपये प्लॅस्टिकचे. मागितल्यावर परत मिळाले, पण तोंड वाकडं करून. तुम्ही आधीच रिकामं क्रेट काट्यावर ठेवा आणि भाव प्रवेशाआधी ठरवा. स्वस्त संत्री हवी असतील तर बागेत जाऊच नका, ठेल्यावरून घ्या. तोडण्याची हौस असेल तर जा; पोरांनी झाडाखालीच बसून साली एकमेकांच्या डोळ्यांत पिळल्या, त्याचे दीडशे मला जड वाटले नाहीत.

बूट मात्र त्याच संध्याकाळी धुवा. मी थकून गॅलरीत तसेच टाकले. आता ती माती विटेसारखी झालीय, स्क्रूड्रायव्हरनं काढतोय.