कालचा भोवरा

काल रात्री अमेरिकेतल्या एका म्युझियममध्ये उन्हाळाभर जाऊन काम करण्यासाठीचा अर्ज घेऊन बसले. लाइट दोनदा गेली, तरी अर्धं पान झालं. बाबांनी "काय लिवलंस?" विचारलं म्हणून मराठीत करून सांगितलं : माझे वडील पारंपरिक लाखकाम करतात, मी मात्र...

ते जरा थांबले. "पारंपरिक म्हणजे जुना मा? पण ह्यो भोवरो तर मी कालच केलंय."

रागाने नाही, सहज म्हणाले आणि जेवायला उठले. माझी झोप गेली.

तो 'मात्र' माझाच. मला नवं दिसायचं होतं, त्यासाठी कुणीतरी जुनं असायला हवं होतं, आणि जवळ बाबाच होते.

फिलाडेल्फियातलं ते म्युझियम फॉर आर्ट इन वुड १९८६ मध्ये 'वुड टर्निंग सेंटर', म्हणजे लाकूड कातण्याचं केंद्र, म्हणून सुरू झालं. १९९५ पासून देशोदेशीचे कातारी तिथे उन्हाळ्यात एकत्र राहून काम करू लागले, सोबतीला एक अभ्यासक, एक छायाचित्रकार. पुढे फर्निचरवाले, शिल्पकारही आले. २०११ मध्ये नावातलं 'टर्निंग' गेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा केवढा आनंद झाला होता, माझ्या लाकडाच्या वाकड्या वाट्यांना तिथे जागा आहे म्हणून! आज तो गेलेला शब्दच खुपतोय.

शिवाय तिथला उन्हाळा म्हणजे इथला पाऊस, आणि गणपतीची चवथ तोंडावर. चवथीला घरी नसशील का, हे दादाला कधी कुणी विचारलं नसतं. जाऊ दे.

सकाळी लेथपाशी जाऊन बसले. फिरत्या लाकडाला बाबांनी लाखेची कांडी टेकवली. घासून तापलेली लाख वितळली, तांबडा पट्टा चढला. मग केवड्याची पात दाबून धरली आणि त्या पट्ट्यात खिडकी दिसायला लागली. इतक्या वर्षांत हे मी किती वेळा पाहिलंय, तरी हात तोंडाशी गेला.

आणि माझ्या वाट्या? ओलं लाकूड कातलं की सुकताना वलयांच्या अंगाने जास्त आकसतं, गोल वाटी लांबोडकी होते. हे मला बाबांनीच दाखवलं, बिघडलेल्या वाट्या फेकता फेकता. मी त्या उचलल्या, इतकंच.

दुपारी वाक्य बदललं : माझे वडील लाखेचे भोवरे करतात. त्यांनी फेकलेल्या वाट्यांपासून माझं काम सुरू झालं. वाचून दाखवलं. बाबांनी कालचा भोवरा उचलून उजेडात धरला, फिरवून बघितला.

"फोटो ह्येचो नको धाडू. उद्या बरो एक करून देतंय."