पात्रांवची शेपटी: चतुर्थी ते दिवाळी, फिन रॉटचा (माशाचे पर कुजण्याच्या रोगाचा) लॉग

आमच्या फायटर माशाचं (बेट्टाचं) नाव पात्रांव. नवीन लोकांसाठी, पात्रांव म्हणजे आमच्या गोव्यात मालक, शेठ. निळा-लाल हाफमून (अर्धगोल मोठ्या शेपटीचा) नर, १८ लिटरचा टँक, स्पंज फिल्टर, थोडं जावा फर्न (पाण्यातलं झाड). एकटाच राहतो आणि सगळं घर त्याचंच आहे असं समजून वागतो. दीड वर्षात त्याला कधी काही झालं नव्हतं, त्यामुळे मी जरा माजात होतो हे आधीच कबूल करतो.

१ सप्टेंबर

२७ ऑगस्टला चतुर्थी, आमचा पाच दिवसांचा गणपती, म्हणून २६ लाच सगळे पेडण्याला मूळ घरी. फोंड्याच्या फ्लॅटची किल्ली शेजारच्या काकींकडे आणि पेलेटचा, म्हणजे माशाच्या खाण्याच्या दाण्यांचा, डबा त्यांच्या मुलाकडे. त्याला सांगितलं होतं रोज चार दाणे. आता आठ वर्षांच्या पोराला चार दाणे म्हणजे कंजूषपणा वाटणारच ना, त्याने प्रेमाने चमचाभर टाकले, आणि रोज टाकले. आम्ही तिकडे पाच दिवस शिवराक (शाकाहारी) जेवत होतो आणि इकडे पात्रांवची मेजवानी चाललेली. खरं तर मोठा तब्येतीचा बेट्टा पाच दिवस उपाशी आरामात राहतो, डबा द्यायचीच गरज नव्हती. पोराची काही चूक नाही, माझी आहे.

दार उघडलं तर टँकला कुबट वास, वर तेलकट साय, तळाला फुगलेल्या पेलेटवर पांढरी बुरशी. पात्रांव कोपऱ्यात पर मिटून बसलेला. शेपटीची कड काळपट, जळलेल्या कागदासारखी, दोन ठिकाणी फाटलेली, पराच्या एका काडीत लाल रेघ. पोटाखालच्या दोन लांब परांपैकी एक अर्धा गेलेला. अमोनियाचा (खाणं आणि घाण कुजून पाण्यात तयार होणारं विष) टेस्ट लावला तर १ आणि २ पीपीएमच्या मधला हिरवा. नायट्राइट ०.२५. तळ सायफनने साफ केला आणि ४० टक्के पाणी बदललं. आमच्याकडे नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, क्लोरीन असतोच, त्यामुळे डीक्लोरिनेटर टाकल्याशिवाय मी थेंबही घालत नाही.

२ सप्टेंबर

इथे मी माती खाल्ली. पणजीला कामाला गेलेलो, तिथल्या एका दुकानात फोटो दाखवला, त्याने निळ्या औषधाची बाटली दिली, मिथिलीन ब्लू. वर अजून एक बाटली देत होता, तिच्यावर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन लिहिलेलं. ती घेतली नाही. २०१८ मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात जो गोंधळ झाला त्यानंतर आमच्या घरात तो शब्द उच्चारायची सोय नाही. तसंही ते मुख्यतः परजीवींवर वापरतात, फिन रॉटशी त्याचा फारसा संबंध नाही.

निळं औषध मात्र आणलं आणि घाईघाईत थेट मेन टँकमध्ये ओतलं. आईने बघितलं आणि म्हणाली, "आमी नुस्तें खातात आनी तूं ताका वखद दिता!" (आम्ही मासे खातो आणि तू त्याला औषध देतोस!) तेव्हा हसलो.

५ सप्टेंबर

हसू गेलं. खायला बंद, तळ साफ, रोज थोडं पाणी बदलतोय, तरी अमोनिया परत १. दोन तास डोकं खाजवलं तेव्हा ट्यूब पेटली. मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, बॅक्टेरियाच्या फिन रॉटवर त्याचा जोर कमी, पण फिल्टरच्या स्पंजमधले जे चांगले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात त्यांना ते मारतं. म्हणजे रोगावर अर्धवट औषध आणि टँकच्या किडनीवर पूर्ण घाव. वर सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे झाले ते वेगळंच.

फिन रॉट करणारे जंतू, एरोमोनास, सुडोमोनास वगैरे, बाहेरून कोणी पाठवत नाही, ते बहुतेक टँकमध्ये आधीपासून असतातच. चांगल्या पाण्यातल्या धडधाकट माशाला ते काही करू शकत नाहीत. अमोनियाने कातडीवरचा चिकट थर खराब झाला, किंवा पाणी गार पडलं, किंवा प्लास्टिकच्या झाडावर पर फाटला, की मग आत शिरतात. म्हणून पाणी तसंच ठेवून नुसतं औषध घातलं तर भिंतीतून पाणी झिरपतंय आणि आपण वरून रंग मारतोय अशातली गत.

संध्याकाळी पात्रांवला ८ लिटर पाण्याच्या टबमध्ये हलवला. कडेवरचा काळा पट्टा एव्हाना २ मिमी आत सरकलेला. टबच्या मागे ग्राफ पेपर चिकटवला, रोज फोटो, नाहीतर मला रोज 'बरा दिसतोय' असंच वाटतं.

६ ते ९ सप्टेंबर

टबचं रूटीन लिहितो कारण ह्यात लोक गडबड करतात. मीठ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ८ ग्रॅम, वेगळ्या मगात विरघळवून हळूहळू. रोज ४ लिटर पाणी बदलायचं आणि फक्त त्या ४ लिटरपुरतं ४ ग्रॅम मीठ परत घालायचं. मीठ वाफेबरोबर उडत नाही! पाणी आटलं म्हणून वरून भर घालताना मीठ नाही, नुसतं पाणी. मी आगराचं जाडं मीठ वापरलं, आई लोणच्यासाठी आणते तेच. आयोडीनवाल्या पुडीच्या मिठाने मासा लगेच मरत नाही, पण जाडं मीठ घरात असताना ते कशाला. मिठाने शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळायला माशाला कमी कष्ट पडतात, आणि नायट्राइट असेल तर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. दहा दिवसांच्या वर ठेवायचा माझा विचार नव्हता आणि मेन टँकमध्ये तर घालायचंच नव्हतं, झाडं जळतात.

बदामाचं पान अर्धं. इथे त्याला काय तोटा, आमच्या गल्लीच्या तोंडालाच देशी बदामाचं झाड आहे. पण रस्त्याकडचं नको, धूर आणि धूळ बसलेली असते, म्हणून देवळामागच्या झाडाखालचं आपोआप गळलेलं, पूर्ण तपकिरी सुकलेलं पान आणलं, धुतलं, टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी बिनदुधाच्या चहासारखं. टॅनिन जंतूंना थोडं रोखतं आणि मासा शांत होतो. ह्याच्यावर एकट्यावर फिन रॉट बरा होतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण रोजचं पाणी बदलणं सोडून पानावर विसंबलो असतो तर हा लॉग इथेच संपला असता.

हीटर लावला नाही, टबमध्ये २७ अंश होतं. अंगावर कापसासारखे पांढरे डाग किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असता तर कॉलम्नारिस (बॅक्टेरियाचाच दुसरा रोग) समजलो असतो, आणि तो गरम पाण्यात जास्त वेगाने पसरतो, म्हणून डोळे झाकून तापमान वाढवू नका. अँटिबायोटिकबद्दल दोघांनी विचारलं. रोग परांच्या मुळाशी, अंगापर्यंत पोचला असता तर जनावरांच्या डॉक्टरला विचारून दिलं असतं. घरातली उरलेली कॅप्सूल फोडून अंदाजाने पाण्यात टाकायचं काम मी करणार नाही.

९ तारखेला काळा पट्टा ग्राफवर जिथे ८ ला होता तिथेच. पहिल्यांदाच! दोन पेलेट दिले, झडप घालून खाल्ले.

१३ सप्टेंबर

टॉर्च बाजूने मारला तर काळ्या कडेच्या बाहेर नखाच्या पांढऱ्या टोकाएवढा पारदर्शक पापुद्रा, मोबाइलच्या स्क्रीनगार्डचा तुकडा चिकटलाय असा. हीच नवीन वाढ. बरेच जण हिला बुरशी समजून परत औषध ओततात. बुरशी धुरकट, केसाळ असते, ही काचेसारखी स्वच्छ. त्याच दिवसापासून मीठ बंद, साध्या पाण्यावर आणला.

मडगावच्या मित्राने त्याच्या जुन्या टँकमधला चाललेला, म्हणजे चांगले बॅक्टेरिया बसलेला, स्पंज ओल्या पिशवीत घालून दिला, तो मेन टँकमध्ये लावला. निळं पाणी आधीच कार्बन आणि दोन मोठ्या वॉटर चेंजने काढलं होतं. माझा स्वतःचा स्पंज परत उभा राहायला महिना सहज गेला असता.

२४ सप्टेंबर

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग चार दिवस. पात्रांव स्वगृही. पहिल्या पाच मिनिटांत सगळी हद्द फिरून तपासली.

१ ऑक्टोबर

सकाळी उठून बघतो तर शेपटीतून अर्धचंद्राएवढा तुकडा गायब. पोटात गोळा. मीठ मोजायला घेतलं आणि मग थांबलो, म्हटलं आधी नीट बघ. कड काळी नाही, लाल नाही, कापल्यासारखी स्वच्छ, एका रात्रीत झालेली, आणि पोटाखालचे पर, जिथे त्याचं तोंड पोचत नाही, ते ठणठणीत. अमोनिया शून्य. म्हणजे महाशयांनी स्वतःची शेपटी स्वतः चावलेली. हाफमूनमध्ये हे होतं, एवढा घागरा ओढत पोहायचा कंटाळा येतो, ताण आला की चावतात. ताण कसला तर मी दोन दिवसांपूर्वी टँकमागे काळा कागद लावला होता, फोटो छान येतात म्हणून, आणि काचेत त्याला दिवसभर समोर दुसरा नर दिसत होता. कागद काढला. औषध नाही, फक्त पाणी स्वच्छ ठेवलं.

१९ ऑक्टोबर

आज रात्री नरकासुर, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात जाळतात तो पुतळा. खाली पोरं कागद चिकटवतायत, शेजारच्या काकींचा मुलगा हात गोंदाने माखून वर आला, पात्रांवला बघायला. चाव्याची जागा बहुतेक भरली. फिन रॉटची कड ग्राफवर ४ मिमी नवीन, पण रंग पूर्ण आला नाही, टोकाला दुधी झालर आहे आणि एका जागी चुणी पडली ती बहुधा तशीच राहील. पोटाखालचा पर अजून आखूड.

पोराला चार पेलेट हातावर मोजून दिले, म्हटलं तूच टाक. एकेक करून टाकले, चौथ्यानंतर माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. स्पीकरची धडधड सुरू झाल्यावर टँकवर चादर घातली. उद्या फोव (दिवाळीचे पोहे) खाऊन झाले की २५ टक्के वॉटर चेंज.