अहवालातील ‘दुर्लक्ष’ हा शब्द

कॅनडात समाजकार्याच्या पदवीसाठी प्रवेश घेतला, तेव्हा आपण मदत करण्याची विद्या शिकणार आहोत अशी माझी समजूत होती. पहिल्या सत्राचे वाचन मात्र आमच्याच व्यवसायाने केलेल्या हानीचे होते. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांत अशी दीड लाख मुले गेली, तो अन्याय सरकार आणि चर्चच्या खात्यावर जमा आहे, एवढेच मला ठाऊक होते. १९५१ मध्ये इंडियन अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे तिथल्या मूलनिवासींविषयीच्या केंद्रीय कायद्यात, दुरुस्ती होऊन प्रांतांचे कायदे मूलनिवासींच्या राखीव वस्त्यांवर लागू झाले आणि पुढच्या तीन दशकांत हजारो मुले घरांतून काढून बहुतांशी गोऱ्या कुटुंबांत दिली गेली, हे काम समाजकार्यकर्त्यांनी केले होते. रीतसर नोंदी ठेवून, आणि पुष्कळदा सद्भावनेने. या काळाला तिथे ‘सिक्स्टीज स्कूप’, म्हणजे साठच्या दशकातली उचल, म्हणतात.

हा इतिहास वाचूनही माझ्या हातून व्हायचे ते झालेच. सरावासाठी एका काल्पनिक गृहभेटीचा अहवाल लिहायचा होता. राखीव वस्तीतले घर, तीन मुले एका खोलीत झोपणारी, नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगे नाही, आई कामावर गेली की आजी सांभाळते. मी शेवटच्या रकान्यात ‘दुर्लक्ष’ असे लिहिले. आमच्या शिक्षिका क्री या मूलनिवासी समाजातल्या आहेत. त्यांनी एवढेच विचारले, “पाण्याची सोय आईने करायची होती का?” मी स्वतः आजीजवळ वाढलेली, तरीही त्या आजीला मी जोखमीच्या यादीत टाकले होते, हे आठवले की अजून कानकोंडे होते.

वस्तीवरच्या सेवांचा पैसा केंद्र सरकारकडून येतो. २०१६ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणाने निर्णय दिला, की बालकल्याणासाठीची ही निधिव्यवस्था भेदभाव करणारी आहे आणि तिच्यामुळे मूल घरातून काढण्याला उत्तेजन मिळते. घर सावरायला पैसा अपुरा, पण मूल बाहेर नेले की त्याचा खर्च मिळतो, अशी ती रचना होती. २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी ७.७ टक्के होती. आईवडिलांपासून दूर, पालक कुटुंबांत (फॉस्टर केअर) ठेवलेल्या मुलांत मात्र त्यांचे प्रमाण ५३.८ टक्के होते. हे आकडे एकत्र वाचले, की ‘दुर्लक्ष’ नेमके कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

१ जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्यानुसार केवळ गरिबी किंवा अपुरे घर या कारणावरून मूलनिवासी मूल ताब्यात घेता येत नाही. कायदा आवश्यकच होता, पण रकाना भरणारा हात माझ्यासारख्याच कोणाचा तरी असणार आहे.

अहवाल मी पुन्हा लिहिला. पाण्याची जबाबदारी कोणाची, हे नोंदवले. मुलांना सांभाळणाऱ्या आजीसाठी नमुन्यात रकाना नव्हता, म्हणून तिच्याविषयी समासात लिहिले.