बारामती–सोलापूर–बारामती: डिपस्टिक, उजनी आणि अडखळलेलं इंजिन

नोव्हेंबरातला रविवार. पहाटे ५ वाजता कोथरूडहून निघालो आणि दिवे घाट, जेजुरीमार्गे बारामतीची धावपट्टी गाठली. सोबत माझे प्रशिक्षक. विमान कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा इंजिनाचा भाग) जुनं सेस्ना १७२.

बारामतीहून निघणाऱ्यांनी लोहगाव पर्यायी विमानतळ म्हणून गृहीत धरू नये. तो हवाई दलाचा तळ आहे, मनात आलं आणि उतरलो असं तिथे होत नाही.

इंधनाचा हिशेब असा: तासाला ३२ लिटर, जाऊन-येऊन दोन तास. चढाई आणि टॅक्सी (विमान जमिनीवर चालवणं) धरून ७५. वर पूर्ण एक तासाचा साठा. काटे टाक्या जवळपास भरलेल्या दाखवत होते. पण पंखावर चढून डिपस्टिक, म्हणजे टाकीतलं इंधन मोजायची पट्टी घातली, तर उजव्या टाकीत तब्बल २० लिटर कमी! काट्यावर विसंबून कधीही उडू नका. टाकी भरून घेतली, मग खालून नमुना काढला. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब, मक्याच्या दाण्याएवढा. स्वच्छ येईपर्यंत काढत राहिलो.

सोलापूरला जाताना सगळं सुरळीत. परतताना उजनी धरणाचं पाणी बघायला थोडं उत्तरेकडून आलो. इंदापूरच्या अलीकडे खाली यायला पॉवर कमी केली आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आपोआप घसरायला लागले. मग इंजिन अडखळलं, अख्खं पॅनेल थरथरलं.

सर शांतपणे म्हणाले, "आधी वेग. ६५ नॉट. आता कार्ब हीट ओढ."

कार्ब हीट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ. ओढली, तर धडधड आणखी वाढली. हात पुन्हा आत ढकलायला निघाला होता, सरांनी तो धरून ठेवला. कार्ब्युरेटरमध्ये जमलेला बर्फ वितळून इंजिनातून जाताना असंच होतं. अर्ध्या मिनिटात आवाज सरळ झाला. बाहेर २४ अंश असतानाही पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर २० अंशांनी थंड होऊ शकतो, आणि पाण्यावरची हवा दमट. पॉवर कमी करण्याआधीच हीट ओढायला हवी होती, ती चूक माझी.

त्या अर्ध्या मिनिटात मी शेत शोधत होतो. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून ४५०० फूट सांगत होता, पण इथली जमीनच १८०० फुटांवर. हातात उरतात २७००. तेवढ्यात हे विमान वारा नसताना जेमतेम सात किलोमीटर तरंगतं. उभा ऊस वरून गादीसारखा दिसतो, पण त्यात चाकं अडकून विमान उलटू शकतं. तोडणी झालेलं रान निवडा, सरीच्या दिशेनं उतरा आणि विजेच्या तारा आधी शोधा. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात.

बारामतीला उतरल्यावर पुन्हा डिपस्टिक घातली. दोन तास पाच मिनिटांत ७२ लिटर, म्हणजे तासाला साडेचौतीस. वहीतला ३२ चा आकडा खोडून ३५ लिहिलाय.