सिंथला गिटारचे पेडल्स जोडले (आणि त्यातलं एक जाळलं)

आधीच सांगते, मला गिटार येत नाही. एक कॉर्डसुद्धा नाही. तरी आज माझ्या टेबलावर चार गिटार पेडल्स (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायची छोटी यंत्रं) आहेत आणि त्यातलं एक मी स्वतःच्या हाताने मारून परत जिवंत केलंय.

झालं असं की मागच्या गणपतीत दादा (मामेभाऊ) नोकरीसाठी बंगळूरला शिफ्ट होत होता आणि घर आवरताना त्याने एक खोकं माझ्या हातात दिलं, आत बॉस कंपनीचं केशरी डीएस-१ (आवाज फाडणारं, म्हणजे डिस्टॉर्शनचं), एक जुनं कोरस (एकच आवाज अनेकांनी मिळून काढल्यासारखा रुंद करणारं), एक डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं) आणि वायरींचा गुंता. म्हणाला, माझी गिटार गेली माळ्यावर, तू तुझ्या त्या डब्याला लाव.

डबा म्हणजे आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक. २०१९ ला आलेला छोटा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारं वाद्य), २५ पट्ट्या, पण त्या खाली दाबल्या जात नाहीत, सपाट प्लेटवर नुसतं बोट टेकवायचं, आईला पहिल्यांदा बघून ती इंडक्शन शेगडी वाटली होती. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) डिजिटल, फिल्टर (तो गडद-उजळ करणारा) ॲनालॉग, आवाज एकदम भारी. पण आत इफेक्ट एकही नाही. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज) नाही, डिले नाही, काही नाही. त्यामुळे हेडफोन लावून वाजवलं की गाद्यांच्या दुकानात उभं राहून गायल्यासारखं वाटायचं. लॅपटॉपवर इफेक्टची सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन आहेत की, हे मला दहा जणांनी सांगून झालंय, पण मी दिवसभर लॅपटॉपवरच काम करते आणि रात्री परत तोच उघडायचा म्हणजे नको वाटतं.

तर पहिल्या रात्री सिंथ फुल व्हॉल्यूमवर, तिथून डीएस-१, तिथून स्पीकर. एक पट्टी दाबली आणि जे काही बाहेर आलं ते मिक्सरला सुकं खोबरं लावल्यासारखं होतं. नॉब फिरवा, टोन फिरवा, डिस्टॉर्शन शून्यावर आणा, काही फरक नाही, सगळीकडे तेच घर्रर्र. मला वाटलं पेडल खराब झालंय. दादाला फोन केला तर तो हसायलाच लागला, म्हणाला अगं गिटार कुजबुजते, तुझा सिंथ ओरडतोय, ते पेडल कुजबूज ऐकायला बनवलंय.

मग जरा वाचलं. गिटारच्या पिकअपमधून (तारांची थरथर पकडणारा भाग) येणारा सिग्नल बारीक असतो, मिलीव्होल्टमध्ये मोजायचा. सिंथ देतो लाइन लेव्हल. घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल −१० डीबीव्ही म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट, आणि स्टुडिओवाल्यांची +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. डीएस-१ सारख्या पेडलमध्ये सिग्नल आधी भरपूर वाढवतात आणि मग डायोडने साधारण ०.६ व्होल्टला कापतात, त्यातूनच डिस्टॉर्शन तयार होतं. आधीच एवढा मोठा सिग्नल आत ढकलला तर तो नॉबपर्यंत पोचायच्या आतच चेपला जातो, मग नॉब फिरवून काय होणार.

सोपा उपाय, सिंथचा व्हॉल्यूम कमी करा. केला. तर आवाज सुधारला पण मागे सूंऽऽ अशी खरखर यायला लागली कारण आता पेडल सिग्नलबरोबर खरखरही वाढवतंय. रीॲम्प बॉक्स नावाची वस्तू यासाठीच मिळते पण तिची किंमत बघून मी टॅब बंद केला आणि शनिवारी बुधवार पेठेत गेले, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे. १० के आणि १ के रेझिस्टर द्या म्हटलं, काकांनी न बघताच विचारलं पाव वॅट ना, आणि चहाच्या पैशात दोन्ही दहा-दहा दिले. १० के लाइनमध्ये, १ के जमिनीला म्हणजे ग्राउंडला, आणि दोघांच्या जोडावरून आउटपुट घ्यायचा. सिग्नल अकरावा हिस्सा उरतो, साधारण २१ डीबी कमी. एवढंच. पण मी शहाणीने ते सगळं हिंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं, तर खोलीतली सगळी गुणगुण पकडून घेणारा अँटेनाच तयार झाला. मग पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत परत बसवलं, जॅकचं ग्राउंड पत्र्याला टेकवलं, आणि शांतता. आता सिंथ फुल ठेवायचा, डबी मधे, मग पेडल. पहिल्यांदाच डिस्टॉर्शनचा नॉब फिरवला की काहीतरी घडतंय असं झालं. वायरींना अजून हिंगाचा वास येतो ते सोडा.

आता जाळण्याचा प्रसंग. कोरससाठी ॲडॉप्टर नव्हता. बॉस आणि बहुतेक सगळी पेडल्स ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांची पिन उलटी असते, मधे निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह. मला हे माहीत नव्हतं. मी वायफाय राऊटरचा ॲडॉप्टर काढला, पिन बसली, लाइट लागला नाही, म्हटलं थोडं थांबूया. थोड्या वेळाने तो वास आला जो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. राऊटरचा ॲडॉप्टर १२ व्होल्ट आणि मधे पॉझिटिव्ह, म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक. वर बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज, अगं नेट का गेलं.

नशीब, आत पॉवरच्या तोंडाशी एक डायोड असतो तोच शहीद झाला होता. उलटा करंट आला की तो सगळं स्वतःवर घेतो आणि बाकीचं सर्किट वाचतं. परत बुधवार पेठ, १एन४००७, तेच काका. जुना डायोड काढला, पट्टीची बाजू बघून नवा लावला, चालू. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक ॲडॉप्टरला मी कागदी टेप लावून व्होल्ट आणि + − लिहून ठेवलंय, आई म्हणते लोणच्याच्या बरण्यांना पण लाव.

तांत्रिक कटकट संपली आणि मग खरी मजा सुरू झाली, म्हणजे आवाज बनवणं. आणि इथे मी महिनाभर उलटंच करत होते. सिंथवर आधी एकदम जाड, भरलेला, दहा गोष्टी हलणाऱ्या असा पॅच (म्हणजे आवाजाची सेटिंग) बनवायचा आणि मग त्याला पेडल लावायचं. सगळा चिखल. स्क्वेअर वेव्ह डीएस-१ मध्ये टाकली तर टोन सोडून फारसं काही बदललंच नाही, फक्त मोठी झाली, आणि विचार केला तर बरोबरच आहे की, डिस्टॉर्शन काय करतं तर लाटेचे शेंडे छाटून ती चौकोनी करतं, जी आधीच चौकोनी आहे तिचं काय छाटणार. तळलेली भजी परत तळल्यासारखं. मग साइन (गुळगुळीत साधी लाट) टाकली, जी एकटी ऐकली तर बेचव असते, आणि तीच पेडलमधून शहनाईच्या जवळ जाणारं काहीतरी होऊन आली. आणि गंमत म्हणजे सिंथचा फिल्टर थोडा उघडला की पेडलमध्ये जाणारा सिग्नल बदलतो आणि डिस्टॉर्शनचा पोतच बदलतो, म्हणजे फिल्टर आता आवाज गडद-उजळ करायचा नॉब राहिलाच नाही, तो पेडलला किती चिडवायचं त्याचा नॉब झाला.

एका संध्याकाळी दोन सूर एकत्र धरून बसले होते. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांचा सा पांढरी सहा. मी पण तोच सा धरला, २२० हर्ट्झ, आणि वर पंचम. डिस्टॉर्शनमधून मस्त, भरदार, खाली अजून एक खर्ज लागल्यासारखा. मग पंचम सोडून गंधार घेतला आणि आवाज फाटला. बाबा बाहेरून आत आले आणि म्हणाले, "खाली कोण गुरगुरतंय? आणि बेसूर गुरगुरतंय."

तेव्हा मला कळेना ते काय म्हणतायत कारण मी दोनच सूर धरले होते. पण त्यांचं बरोबर होतं. दोन सूर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूर तयार होतात. सा २२०, पंचम जवळजवळ ३३०, वजाबाकी ११०, म्हणजे खालचा साच. म्हणून ते गोड लागतं, आणि म्हणूनच गिटारवाले डिस्टॉर्शनवर नुसते सा-प धरून बसतात. पण पट्टीवरचा गंधार आहे २७७.१८, वजाबाकी ५७.१८, आणि ५५ चा सा आणि ५८.२७ चा कोमल रिषभ यांच्या मधे कुठेतरी लोंबकळणारा सूर. बाबा म्हणाले, "पेटीचा गंधार चढाच असतो गं, गाणारे उगाच नाही वैतागत."

मग मी लॅपटॉप उघडलाच (नाइलाज), ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन साइन बनवल्या, २२० आणि २७५, म्हणजे शुद्ध गंधार, सा च्या सव्वापट. वजाबाकी बरोबर ५५, दोन सप्तकं खालचा सा. डबीतून, पेडलमधून वाजवलं. तीच गुरगुर, पण आता ती खाली बसकण मारून बसली, तंबोऱ्यासारखी. बाबा मिनिटभर काही बोलले नाहीत. मग "हां. आता लागला," एवढंच, आणि गेले बातम्या बघायला. चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाने केशरी डब्याला दिलेलं सर्टिफिकेट आहे ते, मी जपून ठेवलंय.

तेव्हापासून डिस्टॉर्शनवर एकच सूर नाहीतर सा-प. तीन-चार सुरांचे कॉर्ड हवे असतील तर डिस्टॉर्शन बंद आणि कोरस चालू. कोरससाठी सिंथवर एकच साधी सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लाट) पुरते. रोलँडच्या ज्युनो-६० सिंथमध्ये (१९८२) प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर होता आणि तरी तो एवढा रुंद वाटतो तो आतल्या कोरसमुळे. आणि हे पेडलचं खूळ काही नवं नाही, सत्तरच्या दशकात फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जार एमिनेंट ऑर्गनचे स्ट्रिंग्ज इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल स्टोन फेझरमधून काढायचा, गिटारवाल्यांसाठी बनवलेलंच पेडल ते.

खालचा आवाज मात्र पेडल खातं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे त्याखाली काय होतं याची पेडल बनवणाऱ्याला फारशी फिकीर नसते, आणि माझा बेस तर ४०-५० ला. त्यावर मी सिग्नलचे दोन भाग करते, एक सरळ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र), दुसरा डबी-पेडलमधून, आणि दोन्ही चॅनल मिक्स. एक धोका, काही पेडल्स फेज उलटी करतात (लाटेची वरची बाजू खाली होते), मग दोन्ही एकत्र केले की बेस वाढायच्या ऐवजी गायबच होतो. एका चॅनलची फेज उलटी केली की परत येतो. हे कळेपर्यंत एक अख्खा रविवार गेला.

डिलेला सगळ्यात जास्त वेळ लागला पण सांगण्यासारखं थोडंच आहे. सिंथवरचा रिलीज (बोट उचलल्यावर सूर विरायचा वेळ) जवळजवळ शून्यावर आणा, सूर टिचकीसारखा तुटक ठेवा, शेपूट डिलेला लावू दे. दोघांनी शेपूट लावलं की काही ऐकू येत नाही. आणि टाइम पाऊण मात्रेवर ठेवून बघा, मिनिटाला ९० च्या लयीत मात्रा ६६७ मिलिसेकंदाची, पाऊण म्हणजे ५००. मी साध्या मात्रा वाजवते आणि डिले मधल्या जागा भरतो, ऐकणाऱ्याला वाटतं मला फार येतं.

गुणगुणीबद्दल दोन ओळी. एकाच ॲडॉप्टरवर वायर फोडून सगळी पेडल्स चालवली की डिजिटल डिलेची कीं ॲनालॉगवाल्यांत ऐकू येते, त्यासाठी वेगवेगळे आउटपुट असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या, आणि घेताना मिलीअँपची बेरीज करा कारण मोठं डिजिटल रिव्हर्ब एकटंच ३०० मागू शकतं. सिंथ लॅपटॉपच्या यूएसबीवर असेल तर तो त्याच्या ॲडॉप्टरवर घ्या आणि यूएसबी काढा, माझी अर्धी कटकट त्यानेच गेली. बाकी काहीही करा पण गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका, मी असे महाभाग बघितलेत.

चौथं पेडल छोटं रिव्हर्ब आहे, ते मी विकत घेतलं. ते मुद्दाम डिस्टॉर्शनच्या आधी लावून बघा एकदा, गिटारवाले नाक मुरडतील पण सिंथच्या एका सुराची अख्खी भिंत होते. पाचव्यासाठी मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनच्या पेडल्सवर डोळा आहे, पगार झाला की बघू.

परवा दादाचा फोन आला. बंगळूरला ऑफिसातल्या पोरांनी बँड काढलाय, गिटार परत खाली आली म्हणे, डिले परत पाहिजे. म्हटलं कोरस ने. तर म्हणतो जळका नको.