कुळागर नोंद ९ : चार टायमर, चारही जायफळावर

सापडलं! आमच्या कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) पाणी सोडणाऱ्या चार व्हॉल्व्हपैकी जायफळाचा सोडून बाकीचे तिन्ही रात्रभर उघडे का राहतात, ते अकरा दिवसांनी सापडलं. रिले (विजेवर चालणारे स्विच) ठीक आहेत, सोलेनॉइड (विजेने उघडणारे व्हॉल्व्ह) ठीक आहेत. दोष मी टायमरला दिलेल्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या तुकड्यात होता.

मांडणी जुनीच : ईएसपी-३२ ही छोटी कंट्रोलर चिप, तिच्यावर मायक्रोपायथन भाषेतला प्रोग्रॅम, चार रिले, १२ व्होल्टचे चार सोलेनॉइड. ० पोफळी, १ माड, २ केळी, ३ जायफळ. संध्याकाळी सहाला चारही उघडतात, आणि आपापली वेळ भरली की प्रत्येकाचा टायमर त्याचं ‘बंद कर’ बोलावतो. निदान तसं व्हायला हवं होतं. सकाळी उठावं तर बाबा पडवीत उभे : “टाकयेंत उदक ना.” दोन हजार लिटर पाणी गेलं, तेही झर आटत आलेली असताना. मला फार वाईट वाटलं.

पहिला संशय गाळावर. पोफळीचा सोलेनॉइड उघडला, आत खरंच गाळ होता, साफ केला, आणि सुटलो म्हणून निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वाटलं, रिलेचे संपर्क चिकटले असतील. बोर्ड बदलला. मागच्या नोंदीत त्या बोर्डाला मी नावं ठेवली होती, ती मागे घेतो. बोर्ड उत्तम आहे. (स्क्रू टर्मिनल मात्र अजूनही आवडत नाहीत, आमच्या दमट हवेत दोन महिन्यांत हिरवी पडतात.)

फसवणूक झाली ती चाचणीत. एकट्या व्हॉल्व्हवर प्रोग्रॅम बिनचूक चालायचा. चारही जोडले की मी पडवीतून जो दिसतो तोच तपासायचो, आणि पडवीतून दिसतं ते जायफळ. ते रोज वेळेवर बंद व्हायचं.

आज पहाटे शेवटी ‘बंद कर’च्या आत क्रमांक छापायची एक ओळ घातली. स्क्रीनवर आलं : ३, ३, ३, ३.

मी लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात) प्रत्येक टायमरला एक लॅम्डा (जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) देत होतो : वेळ झाली की आय क्रमांकाचा व्हॉल्व्ह बंद कर. आय म्हणजे लूपमधला चालू क्रमांक, शून्य ते तीन. मला वाटायचं, पहिल्या लॅम्डात शून्य गेला, दुसऱ्यात एक. पण लॅम्डा आयची किंमत उचलत नाही, तो आय हे नावच धरून ठेवतो. देवळात चार कामांच्या चार चिठ्ठ्या लिहाव्यात आणि प्रत्येकीवर माणसाच्या नावाऐवजी ‘पाळीवर असेल तो’ असं लिहावं, तसं. चिठ्ठ्या लिहिताना पाळी बदलत होती, पण उघडल्या तेव्हा पाळीवर एकच जण होता. लूप संपल्यावर आय म्हणजे तीन. एका व्हॉल्व्हच्या चाचणीत पहिला आणि शेवटचा एकच, म्हणून तिथे चूक दिसणं शक्यच नव्हतं.

जावास्क्रिप्टवाल्यांना हे जुनं दुखणं ओळखू येईल. त्यांना २०१५ मध्ये ‘लेट’ (लूपच्या प्रत्येक फेरीला नवं नाव देणारा शब्द) मिळाल्यावर सुटका झाली. गो भाषेने तर २०२४ च्या १.२२ आवृत्तीत लूपचा नियमच बदलला. फंक्शनच्या आत वापरलेलं बाहेरचं नाव नेमकं कुठली किंमत घेणार, हा घोळ लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अगदी सुरुवातीलाही झाला होता. जेम्स स्लॅगल यांचं फंक्शनला फंक्शन देणारं एक फंक्शन चुकीचं चालत होतं. कारण वेगळं होतं, तिथे स्कोप डायनॅमिक होता (नावाची किंमत फंक्शन जिथून बोलावलं तिथून ठरायची), पण मूळ प्रश्न हाच. तो किस्सा वाचून मला खूप धीर आला.

नेहमीचा उपाय म्हणजे आयला डिफॉल्ट किंमत देणं, कारण ती लॅम्डा बनतानाच ठरते. तो केला आणि लगेच एरर : क्रमांक पूर्णांक हवा. टायमर कॉलबॅकला (वेळ झाली की तो बोलावतो त्या फंक्शनला) स्वतःलाच पहिला आर्ग्युमेंट (आत पाठवलेली किंमत) म्हणून देतो, त्यामुळे माझ्या आयमध्ये टायमर जाऊन बसला! त्याच्यासाठी पुढे टी नावाची जागा ठेवली की चालतं. तरी मला ते रूप पटलं नाही. म्हणून बाहेरचं फंक्शन लिहिलं : त्याला क्रमांक द्या, ते त्या क्रमांकापुरतं ‘बंद कर’ बनवून परत देतं. सातव्या नोंदीत मी कंस टाकू नका, कंस टाकले की फंक्शन तिथेच चालतं, असं ठासून लिहिलं होतं. इथे कंस टाकायचेच, कारण जे परत येतं तेच फंक्शन आहे.

छापून आलं : ३, २, १, ०. वेळांच्या क्रमाने, जायफळ आधी, पोफळी शेवटी. मी बराच वेळ ते आकडे बघत बसलो.

पुढचा बेत मिरीसाठी पाचवा भाग जोडायचा होता. पण या चिपवर हार्डवेअर टायमर चारच. म्हणून एकच टायमर आणि ‘वेळ, फंक्शन’ अशा जोड्यांची यादी असं ठरवलं होतं. हे लिहितानाच त्याहून बरं सुचतंय : वेळ तरी कशाला द्यायची? व्हॉल्व्हला ‘थांबू का?’ हे फंक्शनच द्यावं. माडाला घड्याळ बघणारं, जायफळाला ओलावा बघणारं. आणि ‘कोणतंही एक’ असं फंक्शन, जे दोन फंक्शनं घेऊन तिसरं देईल : माती ओली झाली किंवा चाळीस मिनिटं झाली, जे आधी होईल ते. सेन्सर बिघडला तरी टाकी रिकामी होणार नाही. हेच करणार, यादी नंतर.

ओलाव्याचे सेन्सर कपॅसिटिव्हच घ्या, म्हणजे ज्यांचा धातू मातीला उघडा लागत नाही असे. दोन दातांचे स्वस्तातले मातीत सडतात. कडांना नेलपॉलिश लावायला विसरू नका, तिथून पाणी शिरतं. दोन आज लावून वाळत ठेवलेत. उद्या जायफळाच्या आळ्यातली माती दोन डब्यांत घेऊन, एक कोरडी आणि एक भिजवलेली, आकडे घेतो.