कोल्हापूर आडवारी पाहावं

कोल्हापूरला बहुतेक जण शनिवार-रविवार गाठून येतात. अंबाबाईची लांबच लांब रांग, रंकाळ्यावर गाडी लावायला जागा शोधणं, तांबडा-पांढरा, चपलांची खरेदी आणि परत. आम्ही या फेब्रुवारीत मुद्दाम मंगळवारी उतरलो आणि शुक्रवारपर्यंत राहिलो. या गावाचा खरा दिनक्रम आडवारीच दिसतो, आणि तो बघायला पैसेही फार लागत नाहीत. शाहू महाराजांनी उभं केलेलं आणि पेठांनी सांभाळलेलं इथं पुष्कळ आहे. त्यातलं बरंचसं आजही कुणालाही खुलं आहे.

सोमवार मात्र टाळा, कारण त्या दिवशी सरकारी संग्रहालयं बंद असतात.

सकाळ गंगावेशीपासून सुरू करा, उजाडायच्या आत. गंगावेश तालमीत तेव्हा पोरांचे जोर-बैठका चाललेले असतात. तिकीट वगैरे काही नाही, पण वस्तादांची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये आणि फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नये. सोबत बायका असतील तर तेही आधी विचारावं. आम्ही दारातच उभे राहिलो तर आतून आवाज आला, “बसा की पावणं. हौद्यात तेवढा पाय ठिवू नगासा.” हौदा म्हणजे लाल मातीचा आखाडा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं आणि तो आंबूस-कडवट वास आत पाऊल टाकताच नाकात भरतो. एक पोरगा फावड्यानं माती खणून वरखाली करत होता. कुस्तीआधीचा तोही एक व्यायामच. भिंतीला करेले, म्हणजे व्यायामाची जड लाकडी मुद्गलं, टेकून ठेवलेले होते. त्यातला एक मी नुसता हलवून पाहिला, तो जागचा हलेना.

तिथून बाहेर पडलात की गंगावेशीतच दूध कट्टा आहे. म्हशी समोर उभ्या, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसासकट कोमट दूध पेल्यात ओततो. कच्चं दूध ज्यांना पचत नाही त्यांनी नुसतं बघावं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तर देऊच नये. पण पहाटेच्या गारठ्यात पैलवान, फिरायला निघालेली म्हातारी मंडळी आणि कामाला निघालेले लोक एकाच कट्ट्यावर पेला घेऊन उभे असतात, ते बघण्यासारखं आहे.

दुपारी उन्हाच्या वेळी टाऊन हॉलमधलं संग्रहालय. तिकीट अगदी किरकोळ. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती वीतभरही नाही, त्यामुळे तिच्यावरून नजर सहज घसरते. तिच्यासमोर थांबा. रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची खूण पंचगंगेच्या काठी सापडली, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ती मूर्ती समोर बघणं वेगळं. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही असंच शांत. नट म्हणून ते सगळ्यांना माहीत असतात, त्यांची निसर्गचित्रं फार थोड्यांनी पाहिलेली असतात.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं: शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या हंगामात ऐन कामाच्या दिवशी दुपारी सामने होतात, तिकीट स्वस्त आणि गर्दी बघाल तर थक्क व्हाल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची आहेत. कुस्तीच्या तालमींनीच इथं फुटबॉलही जोपासला, म्हणून संघ पेठेचा आणि पेठ संघाची. पायऱ्यांवर शेजारी बसलेल्या काकांनी पहिला प्रश्न टाकला, “कुठल्या पेठेचं तुम्ही?” बाहेरगावचे आहोत म्हटल्यावर सरकून जागा दिली आणि प्रत्येक पोराचं घराणं सांगायला लागले: ह्याचा बाप डाव्या बगलेला खेळायचा, त्याचा चुलता गोलकीपर. चेंडू कुणाकडे आहे ते त्यांना न बघता कळत होतं. मोठ्या शहरात तिकिटाला हजारो रुपये मोजून मला खेळाशी एवढी जवळीक मिळाली नव्हती.

जाताना टोपी, पाणी आणि बसायला जुना पेपर घ्या. कुठल्याही संघाच्या रंगाचे कपडे नकोत. दोन तगड्या पेठांचा सामना असेल आणि मुलं सोबत असतील तर शेवटच्या शिट्टीच्या जरा आधी बाहेर पडा, किंवा गर्दी ओसरेपर्यंत बसून राहा.

संध्याकाळी दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, चित्रप्रदर्शनं असं काही ना काही तिथं चालू असतं आणि बहुतेकांना प्रवेश मोफत. आज काय आहे ते सकाळी स्थानिक वर्तमानपत्रात बघा किंवा भवनाबाहेरचे फलक वाचा. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि १८८३ चा गायन समाज देवल क्लब इथल्या कार्यक्रमांचीही चौकशी करा. थोर गायक अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावातले कान अजून तयार आहेत. गाण्याच्या बैठकीत बोलू नका आणि मधेच उठू नका.

खासबागेत १९१२ चं कुस्तीचं मैदान बघाच. कुठंही बसा, मधला हौदा स्वच्छ दिसतो. रोमचं कलोझियम पाहून आल्यावर महाराजांनी ते बांधून घेतलं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्या भिंतींसमोर उभं राहिल्यावर पोटात कालवतं. त्याची पुनर्बांधणी मनासारखी व्हावी, एवढंच मागणं.

फिरायला केएमटी, म्हणजे शहर बस, पुरते, आणि दसरा चौक, टाऊन हॉल, भवानी मंडप, खासबाग ही तर सगळी पायी जमण्यासारखी आहेत. मुक्काम स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकाजवळ ठेवा.

शुक्रवारी मात्र रात्र राखून ठेवा. त्या दिवशी रात्री नऊनंतर अंबाबाईची पालखी मंदिराच्या आवारात निघते. जागा आधीच धरून बसा. मुंबईकरांनी त्या रात्रीचं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढू नये, ती पालखीच्या आधीच सुटते. शनिवारी सकाळची कोयना एक्स्प्रेस धरा.